लाइट गेली की घर गार पडतं : न्यूफाउंडलंडच्या हिवाळ्याची तयारी

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या सेंट जॉन्सला शिकायला किंवा नोकरीला निघालेली आपली मुलं हिवाळ्याची चौकशी करतात ती फक्त तापमानाची. जानेवारीचं सरासरी तापमान उणे चार-पाच अंशांच्या आसपास असतं, हे कळलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. विनिपेगला गेलेला वर्गमित्र उणे तीसच्या गोष्टी सांगत असतो, त्यापुढे हे काहीच नाही असं वाटतं. मग एक जाडजूड जॅकेट, दोन थर्मल आणि लोकरीची टोपी घेतली की तयारी झाली.

आकडा खोटा नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका. न्यूफाउंडलंड हे उत्तर अटलांटिकमध्ये पुढे घुसलेलं बेट आहे. कॅनडातल्या मोठ्या शहरांमध्ये सर्वांत जास्त वारा, धुकं आणि बर्फ सेंट जॉन्सच्याच वाट्याला येतो. वर्षाकाठी तीन मीटरच्या वर बर्फ पडतो. शिवाय इथला गोठणारा पाऊस. तो पाणी म्हणूनच पडतो आणि तारेला, फांदीला, रस्त्याला टेकताक्षणी बर्फ होतो. बोटाएवढी तार मनगटाएवढी होते, तिच्यावर ताशी शंभर किलोमीटरचा वारा सुटतो आणि मग कुठला खांब कधी आडवा होईल ते सांगता येत नाही. वादळ समुद्रावरून आलं तर खारे तुषार खांबांवरच्या चिनी मातीच्या चिमण्यांवर (इन्सुलेटरवर) बसतात, त्यानेही वीज जाते. थोडक्यात, इथे थंडीपेक्षा वारा त्रास देतो आणि वाऱ्यापेक्षा वीज.

आता मुद्द्याची गोष्ट. महाराष्ट्रात वीज गेली की आपण मेणबत्ती शोधतो. २००५ नंतरची काही वर्षं तर गावोगाव भारनियमनाचं वेळापत्रक दारामागे चिकटवलेलं असायचं. वीज जाणं म्हणजे अंधार, उकाडा, डास आणि बंद पडलेला पंप, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. न्यूफाउंडलंडमध्ये ते लागू पडत नाही. तिथली बहुतेक घरं विजेवर गरम होतात. भिंतीच्या पायथ्याशी लांबट हीटर बसवलेले असतात, नव्या घरांत हीट पंप असतात. पाणीही विजेवरच तापतं आणि स्वयंपाकाची शेगडी विजेचीच. त्यामुळे वीज गेली की अंधार ही सर्वांत किरकोळ अडचण ठरते. खरी गोष्ट ही की त्या मिनिटापासून घर निवायला लागतं. तयारी करायची ती उजेडाची नव्हे, उबेची. पुढचा सगळा लेख या एका वाक्याचा विस्तार आहे, असं समजा.

दोन जानेवारी महिने

सेंट जॉन्सच्या कुठल्याही जुन्या रहिवाशाला विचारा, तो तुम्हाला दोन वर्षं सांगेल : २०१४ आणि २०२०.

२०१४ मध्ये थंडी नेहमीपेक्षा कडक पडली आणि घरोघरचे हीटर एकाच वेळी चालू झाले. तेव्हा बेटाची वीजव्यवस्था मुख्य भूमीशी जोडलेली नव्हती, जे काय निर्माण व्हायचं ते बेटावरच. त्यात होलीरूडचं तेलावर चालणारं केंद्र पूर्ण ताकदीनं चालत नव्हतं. २ जानेवारीच्या संध्याकाळी पाळीपाळीनं एकेका भागाची वीज बंद करायला सुरुवात झाली, म्हणजे आपल्या भाषेत भारनियमनच. ४ जानेवारीला, ऐन हिमवादळात, सनीसाइडच्या उपकेंद्रात रोहित्राला आग लागली आणि सुमारे १ लाख ९० हजार ग्राहक अंधारात गेले. हा आकडा मीटरांचा आहे, माणसांचा नव्हे, आणि सगळ्या बेटाची लोकसंख्याच पाच लाखांच्या आसपास आहे. प्रांताच्या तेव्हाच्या प्रमुख कॅथी डंडरडेल यांनी हे संकट नसल्याचं सांगितलं. गारठलेल्या लोकांना ते चांगलंच झोंबलं. त्याच महिन्यात त्यांनी राजीनामा जाहीर केला. कारणं आणखीही होती, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच.

२०२० ची गोष्ट वेगळी. १७ जानेवारीला सेंट जॉन्सच्या विमानतळावर एका दिवसात ७६.२ सेंटिमीटर बर्फ पडला. तो विक्रम ठरला. वाऱ्याचे झोत ताशी १२० किलोमीटरच्या वर होते, त्यामुळे पडलेला बर्फ जागेवर राहिलाच नाही. जिथे आडोसा मिळाला तिथे त्याचे ढीग झाले. लोकांनी सकाळी दार उघडलं तर समोर पांढरी भिंत, आणि त्या भिंतीवर दाराची नक्षी उमटलेली, कडीच्या जागी खळगा. शहरात आणीबाणी जाहीर झाली, ती आठ दिवस चालली. सैन्य बोलवावं लागलं. दुकानं, औषधालयं, पेट्रोल पंप बंद होते. गाडी रस्त्यावर काढायला बंदी होती. मग काही दिवसांनी ठरावीक तासांसाठी किराणा दुकानं उघडली तेव्हा बर्फाच्या भिंतींमधून लांबच लांब रांगा लागल्या होत्या.

२०१४ नंतर बरंच काही सुधारलं. समुद्राखालच्या केबलनं बेट नोव्हा स्कोशियाला जोडलं गेलं आणि २०२३ पासून लॅब्राडॉरच्या मस्क्रॅट फॉल्सची वीज सुमारे ११०० किलोमीटरच्या वाहिनीवरून बेटावर येते. पण ही वाहिनी ज्या मुलखातून येते तिथेही बर्फ आणि वारा आहेच. जुनं होलीरूड अजून राखीव म्हणून सांभाळून ठेवलं आहे, यातच काय ते समजा. आणि तुमच्या गल्लीतला खांब पडला तर मागे किती मेगावॅट उभे आहेत, याने तुमचं घर गरम होत नाही.

घर भाड्यानं घेताना

तयारी नोव्हेंबरात सुरू होत नाही, ती घर पाहायला जाता त्या दिवशी होते. विद्यार्थी बहुधा स्वस्त म्हणून तळघरातली खोली घेतात. सेंट जॉन्समध्ये अशा जागा पुष्कळ आहेत आणि त्या वाईट असतात असं नाही. जमिनीच्या पोटातली जागा उलट हळूहळू गार होते. पण तिच्या खिडक्या जमिनीलगत असतात. मोठ्या वादळात त्या बर्फाखाली गाडल्या जातात आणि दार पायऱ्यांच्या तळाशी असेल तर तो खड्डाही भरून जातो. आग लागली तर बाहेर कुठून पडणार? हा प्रश्न घरमालकाला तोंडावर विचारा. वरच्या मजल्यावर जायला आतून वाट आहे का, तिचं दार कुलूपबंद असतं का, हे बघून घ्या. वितळलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप तळघरात असेल तर वीज गेल्यावर तोही थांबतो, तेव्हा पासपोर्ट, पदव्यांची कागदपत्रं आणि लॅपटॉप जमिनीवरच्या खोक्यात ठेवू नका.

आणखी काही गोष्टी त्याच भेटीत विचारून घ्याव्या. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे? विजेचे ब्रेकर कुठे आहेत? अंगणातला बर्फ कोण उपसणार, तुम्ही की मालक? भाडेकरारात हे लिहिलेलं नसेल तर पहिल्याच हिमवर्षावात भांडण ठरलेलं. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे भोंगे आहेत का आणि ते बॅटरीवर चालतात का? घर शहराबाहेर असेल आणि पाणी स्वतःच्या विहिरीचं असेल, तर विजेबरोबर पाणीही जाणार हे गृहीत धरा. अशा घरात वादळाच्या आदल्या रात्री बादल्या, पातेली आणि बाथटब भरून ठेवायचे. शौचालयात बादलीनं पाणी कसं ओतायचं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

बर्फ उपसायचं फावडं घराच्या आत ठेवा. नवीन माणूस ते हमखास अंगणात किंवा गाडीच्या डिकीत ठेवतो. तिथल्या घरांना मुख्य दाराच्या बाहेर एक हलकं वादळी दार असतं, ते बाहेरच्या बाजूला उघडतं. त्याला टेकून मीटरभर बर्फ साचला की ते उघडतच नाही आणि फावडं पलीकडच्या बाजूला असतं. वादळ चालू असताना दर दोन-तीन तासांनी दार थोडं ढकलून मोकळं करत राहावं. ओला बर्फ फार जड असतो. एकदम मोठी फावडी भरून उचलण्याचा पराक्रम करू नका. चाळिशीपुढच्या, बैठं काम करणाऱ्या माणसाला थंडीत अशा झटक्याच्या श्रमानं हृदयविकाराचा झटका येऊ शकतो आणि रुग्णवाहिका त्या दिवशी वेळेवर पोहोचेलच असं नाही. थोडा थोडा बर्फ घ्या, उचलण्यापेक्षा ढकला, दम लागला की थांबा. भट्टीचा धूर बाहेर सोडणारी नळी, कपडे वाळवण्याच्या यंत्राची जाळी आणि हीट पंपाचा बाहेरचा भाग आधी मोकळा करा, गाडी नंतर. शेजारच्या अग्निशमन नळावरचा बर्फ कुणीतरी काढतो तसा तुम्हीही काढलात तर गल्लीत लवकर ओळख होते.

वीज गेल्यानंतरचे तास

पहिलं काम म्हणजे प्रत्येक खोलीतला थर्मोस्टॅट खाली आणणं. हे नवख्यांना उलटं वाटतं. वीजच नाही तर तो खाली काय करायचा? कारण असं : वीज परत येते तेव्हा गल्लीतले सगळे गार पडलेले हीटर, पाण्याच्या टाक्या आणि फ्रिज एकदम वीज ओढतात. वाहिनीवर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त भार येतो आणि ती पुन्हा बंद पडू शकते. म्हणून हीटर कमी करायचे, टीव्ही, संगणक, मायक्रोवेव्हचे प्लग काढायचे, एक दिवा तेवढा चालू ठेवायचा म्हणजे वीज आली ते कळेल. आल्यावर आधी मुख्य खोलीचा हीटर, थोड्या वेळानं दुसरा, असं सावकाश वाढवत न्यायचं. आपल्याकडे वीज आल्या आल्या पंप, मिक्सर, इस्त्री एकदम लावायची घाई असते, ती सवय इथे सोडावी लागते.

दुसरं, एका खोलीत या. शक्यतो लहान, बाहेरच्या भिंती कमी असलेली आणि दिवसा ऊन येणारी खोली निवडा. बाकीच्या खोल्यांची दारं लावा, दाराखालच्या फटीला टॉवेल गुंडाळून लावा, खिडक्यांवर गोधड्या टांगा. सोलापुरी चादर दिसायला छान, पण इथे तिच्या भरवशावर राहू नये. आईनं कौतुकानं दिलेली गोधडी मात्र सामानात घ्याच, आणि कोल्हापूर-सांगलीकडच्यांनी घोंगडं मिळालं तर तेही. कपडे थरावर थर घाला, घामानं ओले झालेले मोजे लगेच बदला. डोक्याला टोपी घरातही हवी. सगळ्यांनी एका पांघरुणात बसणं हा संकोचाचा विषय नाही, उबेचा आहे. ऊब यावी म्हणून दारू पिऊ नका. थोडा वेळ गरम वाटतं, पण शरीर आतली उष्णता जास्तच घालवतं.

लहान बाळं आणि आजी-आजोबा यांच्याकडे लक्ष ठेवा. खूप कुडकुडणं ही पहिली खूण. बोलणं जड होणं, हातातली वस्तू सुटणं, पेंगणं, भलतंच काहीतरी बोलणं, या पुढच्या. कुडकुडणारा माणूस ऊब न मिळताच कुडकुडायचा थांबला आणि गप्प झाला तर ते बरं वाटल्याचं लक्षण समजू नका, आपत्कालीन क्रमांक ९११ ला फोन लावा. घर फारच गार होत असेल तर हट्टानं थांबू नका. नगरपालिका अशा वेळी शाळा, चर्चचं सभागृह किंवा सामाजिक केंद्र ऊबदार ठेवून लोकांसाठी उघडते. तुमच्या भागात हे कुठे असतं, ते आधीच माहीत करून घ्या. रस्ता बंद होण्याआधी जा.

वीज लांबली आणि घर गोठणबिंदूकडे निघालं तर नळांचा विचार करावा लागतो. बाहेरच्या भिंतीतला नळ अगदी बारीक धारेनं चालू ठेवला तर नळीत पाणी सहसा गोठत नाही. घर सोडून जायचंच असेल तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडे ठेवून नळ्या रिकाम्या करा. गोठलेलं पाणी फुगतं आणि नळी फोडतं. ती फुटल्याचं कळतं मात्र घर परत गरम झाल्यावर, जेव्हा भिंतीतून पाणी वाहायला लागतं.

जाळ कुठे करायचा नाही

हा भाग वाचताना कृपया घाई करू नका. वादळात माणसं थंडीनं मरतात त्याहून वाईट मरण बंद खोलीतल्या धुराचं असतं, आणि त्या धुरातल्या विषारी वायूला ना रंग असतो ना वास. कोळशाची शेगडी, बार्बेक्यू, कॅम्पिंगचा गॅस स्टोव्ह घरात पेटवायचा नाही. गॅरेजमध्येही नाही आणि खिडकी उघडी ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, आणि माणसाला वाटतं जागरणानं होतंय. घरातल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं तर ती फ्लूची साथ नव्हे. आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग ९११.

जनरेटर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून निदान सहा मीटर लांब आणि धूर घरापासून उलट्या दिशेला जाईल असाच ठेवायचा. काही जुगाडू लोक जनरेटरची वायर सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसून सगळं घर चालू करतात. असं कधीही करू नका. ती वीज उलटी वाहिनीवर जाते आणि बाहेर खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेते. गाडीत बसून फोन चार्ज करायचा किंवा ऊब घ्यायची असेल तर गाडी उघड्यावर हवी आणि मागची धुराची नळी बर्फातून पूर्ण मोकळी केलेली हवी.

मेणबत्त्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे : घेऊच नका. गोधड्या, पडदे आणि लाकडी घर यांच्यामध्ये उघडी ज्योत कशाला? बॅटरीचे दिवे स्वस्त मिळतात. देवघरातलं निरांजनसुद्धा त्या दिवशी आरती झाली की शांत करा. समई रात्रभर ठेवण्याचा नेम असेल तर देवाला तेवढे दिवस सवलत मागा. पडलेली तार दिसली तर ती मेलेली आहे असं समजू नका, निदान दहा मीटर लांब राहा.

फडताळ

या बेटाचा बराचसा किराणा नोव्हा स्कोशियातल्या नॉर्थ सिडनीहून पोर्ट ओ बास्कला फेरीबोटीनं येतो. समुद्र खवळला की फेऱ्या थांबतात आणि एक-दोन दिवसांतच सुपरमार्केटमधली भाजी, दूध, ब्रेडची फळी रिकामी दिसायला लागते. पोर्ट ओ बास्कजवळच्या रेकहाउस भागात वारा डोंगरावरून असा कोसळतो की पूर्वी तिथे रेल्वेचे डबे रुळांवरून उलटायचे. लॉकी मॅकडुगल नावाच्या शेतकऱ्याला रेल्वेनं पैसे देऊन ठेवलं होतं. वारा हुंगून गाडी सोडायची की नाही, ते तो सांगायचा. आता रेल्वे नाही, ट्रक आहेत आणि तेही वाऱ्यासाठी थांबवले जातात. म्हणून वादळाचा इशारा आल्यावर दुकानात पळण्यापेक्षा डिसेंबरपासूनच घरात थोडं जास्तीचं ठेवणं शहाणपणाचं.

कॅनडा सरकारचा सल्ला असा की प्रत्येक घर ७२ तास स्वतःच्या बळावर राहू शकलं पाहिजे, माणशी रोज दोन लिटर पिण्याचं पाणी धरून. २०२० चा अनुभव पाहता मी आठवडाभराचा हिशेब धरायला सांगेन, औषधांसाठी तर नक्कीच. मधुमेह, दमा, रक्तदाब यांची औषधं संपायच्या आठवडाभर आधी आणा. इन्सुलिन बर्फाजवळ किंवा गार खिडकीत ठेवू नका, ते गोठलं की वाया जातं.

खाण्याच्या बाबतीत मराठी घर इतरांपेक्षा पुढे आहे, फक्त ते आपल्या लक्षात येत नाही. पिठलं-भात, खिचडी, कुकरची शिट्टी, हे सगळं विजेच्या शेगडीबरोबर बंद. पण जाळ न लागणारं आपल्याकडे किती आहे बघा. पातळ पोह्यांवर कांदा, खवलेलं खोबरं, लिंबू आणि मीठ घालून दाबून ठेवले की अर्ध्या तासात दडपे पोहे तयार. सातूचं पीठ गूळ आणि दुधात कालवलं की पोटभर न्याहारी होते. ताज्या दुधाची खात्री नसेल तर पावडरचं दूध चालतं. भडंग, शेंगदाण्याचे आणि राजगिऱ्याचे लाडू, खाकरे, शेंगदाण्याची चटणी हे सगळं आठवडेच्या आठवडे टिकतं. डब्यातले शिजवलेले चणे आणि राजमा कांदा-लिंबू घालून तसेच खाता येतात. डबा उघडायचा हातानं चालणारा ओपनर घ्या, विजेचा नको. इशारा आला की त्या संध्याकाळी दशम्या करून ठेवा आणि रात्री झोपताना दोन मोठे थर्मास उकळत्या पाण्यानं भरून ठेवा. पहाटे वीज गेली तरी बाळाचं दूध आणि सगळ्यांचा पहिला चहा त्यात होतो. अशा वेळी तिथले लोक बटाट्याचे वेफर्स विकत घेऊन ठेवतात, अटलांटिक कॅनडात तो वादळाचा रिवाजच झाला आहे. आपण चिवड्याचा डबा भरून ठेवावा.

फ्रिज सारखा उघडू नका. बंद ठेवला तर आतलं अन्न चार तास गार राहतं, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास टिकतो. बाहेर एवढा बर्फ असताना अन्न तिथेच का ठेवू नये, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. ऊन लागलं की तापमान वर जातं आणि प्राणीही वास काढत येतात, म्हणून नको. त्यापेक्षा बाटल्यांत पाणी भरून ते बाहेर गोठवा आणि त्या बाटल्या फ्रिजमध्ये किंवा खोक्यात ठेवा. फ्रीझरमधल्या ज्या वस्तूत अजून बर्फाचे कण आहेत ती पुन्हा गोठवली तरी चालते. मांस, दूध, शिजवलेला भात तासन्‌तास कोमट राहिला असेल तर टाकून द्या. अन्न टाकवत नाही हे मान्य, पण रुग्णालयाचा रस्ता बंद असताना पोट बिघडवून घेणं त्याहून महाग पडतं.

बेटावरची बेटं

न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यालगत फोगो आयलंड, चेंज आयलंड्स, बेल आयलंड अशी छोटी बेटं आहेत. तिथे पोहोचायलाही फेरीबोट लागते आणि ती बंद पडणं हा हिवाळ्याचा नित्यक्रम आहे. नर्स, शिक्षक किंवा मासळी प्रक्रियेच्या कारखान्यातले कामगार म्हणून तिकडे जाणाऱ्यांनी वरचा हिशेब दुप्पट करावा. मात्र तिथली माणसं वीज गेल्यावर शहरातल्यांपेक्षा निवांत असतात. बऱ्याच घरांत लाकडाची चूल असते आणि मागच्या उन्हाळ्यात फोडून ठेवलेल्या लाकडांची रास. मुख्य बेटावरच्या एलिस्टन नावाच्या गावात शंभरावर जुनी भुयारी कोठारं आहेत. टेकडीच्या पोटात दगडांनी बांधलेली, वरून माती आणि गवत, आत बटाटे, सलगम, गाजरं. बाहेर काहीही असलं तरी आत गोठत नाही. खारवलेली कॉड आणि दगडासारखा कडक पाव रात्रभर भिजत घालून सकाळी वेगवेगळे उकळून एकत्र वाढायचे, हे त्यांचं जुनं जेवण. दोन्ही जिन्नस महिनोन्‌महिने टिकतात.

अशा गावात राहायला गेलात तर पहिल्या महिन्यात शेजाऱ्यांशी ओळख करून घ्या. एखादा लाडवाचा डबा घेऊन गेलात तरी पुरे. कुणाकडे चूल आहे, कुणाकडे जनरेटर आहे, कोण एकटं राहतं, हे ठाऊक असणं हीच तिथली खरी सुरक्षा. शहरातल्या विद्यार्थ्यांनीही आपल्या व्हॉट्सअॅप गटावर ही यादी डिसेंबरआधी करून ठेवावी. गणपतीची वर्गणी कुणी किती दिली याची नोंद ठेवणाऱ्या गटाला हे जड जाऊ नये.

फोन, रेडिओ आणि घरचे

मोबाइलच्या मनोऱ्यांना बॅटरी असते, पण ती काही तासांपुरतीच. म्हणून वादळाच्या आदल्या दिवशी फोन आणि पॉवर बँक पूर्ण भरा आणि नंतर फोन बचतीवर ठेवा. पॉवर बँक गार खोलीत लवकर उतरते, तेव्हा ती खिशात, अंगाजवळ ठेवा. बॅटरीवर चालणारा साधा रेडिओ घ्या. सीबीसी किंवा व्हीओसीएमवर कुठल्या भागात वीज कधी येणार, कुठलं केंद्र उघडं आहे, कुठला रस्ता बंद आहे, हे सतत सांगत असतात. नेट बंद पडलं की हाच आधार.

न्यूफाउंडलंडचं घड्याळही आपल्यासारखंच अर्ध्या तासाच्या हिशेबाचं. हिवाळ्यात ते भारतापेक्षा बरोबर नऊ तास मागे असतं. तिथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा पुण्यात पहाटेचे पाच झालेले असतात. म्हणजे वादळाची रात्र सुरू होते आणि इकडे आई-बाबा उठून बातम्या लावतात. एक माणूस ठरवून टाका, समजा धाकटी बहीण. वादळाआधी तिला एक संदेश पाठवायचा : जेवण आहे, पाणी आहे, फोन बंद राहिला तर घाबरू नका, उद्या संध्याकाळपर्यंत एक ओळ पाठवीन. बाकीच्या सगळ्यांनी तिलाच विचारायचं.

आणि इकडच्या मंडळींना एक विनंती. मुलानं 'लाइट गेली आहे, ठीक आहे' एवढं लिहिलं असेल तर ते पुरेसं माना. खोली दाखव, बर्फ दाखव म्हणून व्हिडिओ कॉल लावू नका. त्या फोनमधली उरलेली बॅटरी त्याला ९११ साठी लागणार आहे.